एकोणीस मीटर

लुमाण्णा घाडी शाळेत आले ते मधल्या सुट्टीत.
पिशवीत कागद, कागदाला प्लास्टिक, प्लास्टिकला रबर.
"बाई, तुम्ही गणिताच्या. हे जरा बघा की.
मोजणीवाली म्हणती, तुमचं शेतच होत न्हाई."

टिपणावर तीन कडा. अक्षरं कानडी, आकडे कानडी.
ओढ्याकडची बेचाळीस.
काजूंकडची पस्तीस.
नंदगडच्या रस्त्याकडची शहाण्णव.

आदल्याच दिवशी सातवीला हेच शिकवलं होतं
खराट्याचे हीर मोडून.
कुठलेही दोन घ्या, जोडा,
तिसऱ्यापेक्षा लांब भरले पाहिजेत.
नाहीतर टोकं एकमेकांकडे बघत राहतात लांबून.
मष्णूच्या वाट्याला तसेच तीन आले.
तो थुंकी लावून चिकटवत बसला तास संपेपर्यंत.

बेचाळीस नि पस्तीस, सत्त्याहत्तर.
शहाण्णवाला एकोणीस कमी.
मी पुन्हा केली बेरीज, बोटांवर,
जशी कुणाचा ताप दुसऱ्यांदा बघावा.
"खरंच होत नाही," म्हटलं.
लुमाण्णा हसले.
"मग गेली चाळीस वर्सं मी भात लावूलोय कशात?"

शनिवारी गेले.
कापणी होऊन गेलेली, पायाला खुंट टोचत होते.
मोजणीवाली शिवलीला, बैलहोंगलची,
चोवीस-पंचवीसची, डोक्याला रुमाल.
टेपचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे.
ती मराठीत "ओढा, ओढा" म्हणत होती,
मी कानडीत "साकु, साकु".
ओढा बेचाळीस. बरोबर.
काजू पस्तीस. बरोबर.
रस्त्याच्या बांधावर टेप ताणला
आणि आम्ही दोघी एकदमच वाकलो:
सहासष्ट.

तिनं मातीत काडीनं दोन आकडे काढले.
हा त्यांचा सहा. हा त्यांचा नऊ.
आमच्या सहा-नवांनी तरी एकमेकांकडे पाठ केलेली असते;
यांचं एकाच अंगानं वळण, फरक शेपटीपुरता.
कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी दुपारी,
एका कारकुनाची शेपटी जरा जास्त वळली.
तीस मीटर रस्ता वाढला
आणि शेत उघडं पडलं.

सत्त्याहत्तर लिहिलं असतं तर?
मी उगाच विचारलं स्वतःला, बांधावर बसून.
तर दोन्ही बांध निजले असते तिसऱ्याच्या अंगावर,
टोकाला टोक मिळालं असतं,
पण आत भाताचा एक चूड उभा राहायला
जागा उरली नसती.
सत्त्याहत्तराच्या एक बोट अलीकडे या,
तिथून जमीन सुरू होते.

सहासष्टाचं क्षेत्र काढलं मी वहीच्या पुठ्ठ्यावर.
साडेसहा गुंठ्यांना जरासं कमी.
लुमाण्णांनी आकडा ऐकला, मान हलवली,
जणू शेजारणीनं त्यांच्याच पोराचं नाव सांगितलं.

दुरुस्तीला अर्ज. अर्ज कानडीत.
सोबत पंचनामा, जुन्या टिपणाची नक्कल,
दोन बाजूवाल्यांच्या सह्या.
त्यातला एक बाजूवाला पुण्यात, फोन उचलत नाही.
शिवलीला म्हणाली, दोन महिने, मग म्हणाली, तीन.
तोवर कचेरीत ते शेत तसंच,
एकोणीस मीटरची फट घेऊन.

"असू दे," लुमाण्णा म्हणाले,
"सरकारनं दार उघडं ठेवलंय म्हणायचं.
म्हशी काय कागदावरून येत न्हाईत."
आणि काजूखालच्या सावलीत
तिघांना पुरेल एवढी भाकरी मोडली, वर ठेचा.

सोमवारी वर्गात मी फळ्यावर लिहिलं:
बेचाळीस, पस्तीस, शहाण्णव. त्रिकोण होईल का?
सगळे ओरडले, नाही.
मष्णू उशिरा बोलला.
"बाई, ते लुमाण्णा आजोबांचं न्हवं?
तितं आमी किरकेट खेळतो की."
मी डस्टर घेतला,
नवाची शेपटी तेवढी पुसली,
आणि हातातला खडू त्याला दिला.